‘कर्ज किती?’ ते ‘झोप लागते का?’

१/ १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या रेल्वेचे उद्घाटन झाले. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांकडे वेगाने जाऊ लागला. बुलढाण्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे जगणे आता आभाळाइतकेच दूरदेशीच्या बाजारभावावरही विसंबले. दोन्ही त्याच्या हाताबाहेरचे.

२/ त्याचे दुःख सरकारी दप्तरात मात्र रुपयांतच नोंदले गेले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर केली. त्यांत बुलढाणा होता. व्याजमाफी, सिंचन, बियाणे यांवर तिचा मुख्य भर होता.

३/ राज्याचे एक लाखाचे साहाय्य कुटुंबाला मिळे ते आत्महत्येनंतर, तेही प्रकरण ‘पात्र’ ठरल्यास. नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा हे त्याचे निकष. माणूस किती महिने अबोल होता, याला त्या अर्जात रकाना नव्हता.

४/ वास्तविक राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून अस्तित्वात होता. पण खेड्यातला माणूस मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचणार कसा?

५/ या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शोधले गेले. ‘विश्राम’ या उपक्रमात ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यात आले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त निष्कर्ष प्रसिद्ध झाले : नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणारे १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले.

६/ दरम्यान २०१५ मध्ये राज्याने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आखला. बुलढाणा त्यांतला एक. आशा कार्यकर्तीने घरी जाऊन विचारपूस करायची, तणावग्रस्त व्यक्ती ओळखायची. १०४ क्रमांकावर समुपदेशन आणि जिल्हा रुग्णालयात उपचार मिळायचे, अशी ही साखळी.

७/ २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरले. शिक्षेऐवजी तिची काळजी व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरले.

८/ यामुळे कर्ज फिटले नाही, पाऊसही वेळेवर आला नाही. कापसाचा भाव आणि सिंचन हे प्रश्न आजही तितकेच खरे आहेत. बदलला तो दारावर आलेल्या सरकारी माणसाचा पहिला प्रश्न. आणि तो माणूस जिवंत असताना विचारला जाऊ लागला.

९/ २०२२ पासून ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येते.