केनी वॉशिंग्टन आणि एका तपाचें बंद दार

अमेरिकेंत 'फुटबॉल' या नांवानें जो खेळ चालतो त्यांत पायानें चेंडू मारण्याचें काम थोडें. चेंडू काखेंत धरून प्रतिपक्षाची फळी फोडीत धांवणें हेंच त्यांतील खरें शौर्य. अशा धांवणाऱ्या गड्यांचा विचार करतांना केनी वॉशिंग्टन (१९१८–१९७१) यास वगळून चालावयाचें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

१९३९ सालीं लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळतांना त्यानें एकूण आक्रमणाच्या यार्डांत देशांतील सर्व महाविद्यालयीन गड्यांस मागें टाकलें. पुढें बेसबॉलमध्यें कीर्ति मिळविणारा जॅकी रॉबिन्सन त्याच संघांत होता. परंतु वॉशिंग्टन कृष्णवर्णीय. व्यावसायिक राष्ट्रीय लीगचें दार त्यास बंद. तसा लेखी नियम कोठेंहि नव्हता. १९३३ च्या हंगामानंतर एकाहि कृष्णवर्णीय गड्यास कोणी खेळविलें नाहीं, एवढेंच! न लिहिलेल्या नियमाविरुद्ध दाद तरी कोणाकडे मागावी? हें मौन पुरें एक तप टिकलें. वॉशिंग्टननें ऐन उमेदीचीं वर्षें पॅसिफिक किनाऱ्यावरील दुय्यम लीगमध्यें काढलीं, आणि तेथेंच त्याचे गुडघे झिजले.

१९४६ सालीं क्लीव्हलंडचा रॅम्स संघ लॉस एंजलिसला आला. त्यास तेथील कोलिझियम हें क्रीडांगण हवें होतें. तें तर सार्वजनिक पैशाचें. हॅली हार्डिंग या कृष्णवर्णीय पत्रकारानें व्यवस्थापकांपुढें नेमका हाच मुद्दा ठेवला : सर्वांच्या पैशाचें मैदान वर्णभेद पाळणाऱ्या संघास कसें द्यावयाचें? २१ मार्च १९४६ रोजीं वॉशिंग्टनशीं करार झाला. मागाहून त्याचा जुना सोबती वुडी स्ट्रोड हाहि आला. मालकांच्या औदार्याचे गोडवे गाणाऱ्यांनीं हा क्रम ध्यानांत घ्यावा.

तोंपर्यंत त्यास सत्तावीस वर्षें पुरीं झालीं होतीं. तरीहि १९४७ मध्यें त्यानें साठ धांवांत ४४४ यार्ड काढले. त्यांतील एक धांव ९२ यार्डांची, आणि रॅम्सच्या दप्तरीं तिच्याहून लांब धांव अद्याप नाहीं. १९४८ अखेर तो निवृत्त झाला. तीन हंगाम, ८५९ यार्ड! १९५६ सालीं महाविद्यालयीन खेळाच्या कीर्तिमंदिरानें त्यास घेतलें. व्यावसायिकांच्या मंदिरांत तो नाहीं. निवड करणाऱ्यांपुढें त्याचे आकडे ठेवावे, तर ज्या सहा हंगामांत ते जमावयाचे त्या १९४० ते १९४५ च्या हंगामांत त्यास तेथें पाऊलच टाकूं दिलें नव्हतें.