सर्पगंधा : गुण आणि अपाय



आपल्या बहुतेकांच्या घरी औषधांच्या दोन जागा असतात. एक स्वयंपाकघरातल्या फडताळात : सुंठ, ओवा, हिरडा, ज्येष्ठमध आणि बाळघुटीची सहाण. दुसरी उशाशी : डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचा डबा. गोळ्यांचे अपाय आपण चिठ्ठीवर वाचतो, डॉक्टरांना विचारतो. फडताळातल्या पुडीबद्दल मात्र कोणी विचारत नाही. ‘झाडपाल्याचं आहे, त्याने कसला अपाय?’ हे वाक्य मी इंदुरातल्या आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलो आहे. एका मुळाच्या इतिहासावरून या वाक्याची परीक्षा करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

ते मूळ सर्पगंधेचे. हे झुडूप गुडघा-मांडीएवढेच वाढते, पण मूळ खोल जाते आणि चवीला अतिशय कडू असते. सर्पदंश, ताप आणि निद्रानाश यांवर ते देण्याची चाल आपल्या देशात जुनी. बिहारकडे तर त्याला सरळ ‘पागल-की-दवा’ म्हणत. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण बेभान झालेला माणूस या मुळाने शांत होतो, हे त्यांनी पाहिले होते.

विसाव्या शतकात हे निरीक्षण प्रयोगशाळेत आले. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी 1931 साली या मुळातून काही अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले, की या मुळाच्या चूर्णाने उन्माद शमतो आणि रक्तदाबही उतरतो. एकच मूळ मनावर आणि नाडीवर दोन्हीकडे चालते, ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरली.

जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. 1949 साली त्यांनी ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नामांकित नियतकालिकात रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचा अनुभव आकड्यांनिशी मांडला. 1952 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथे सीबा कंपनीच्या संशोधकांनी मुळातले मुख्य द्रव्य शुद्ध रूपात काढले. तेच रेसरपीन. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर हाती फारच थोडी औषधे होती. त्यामुळे ही बारीक गोळी पाहता पाहता जगभर पसरली. 1954 साली न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांनाही तिचा उपयोग होतो असे दाखवले.

इथवरची कथा आपण अभिमानाने सांगतो. पुढची सहसा सांगत नाही.

1954 सालीच अमेरिकेतल्या एडवर्ड फ्रीस यांनी कळवले, की मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रेसरपीन घेणारे काही रुग्ण खोल औदासीन्यात जातात. शिवाय नाक चोंदणे, जुलाब, झोपाळूपणा, नाडी मंद होणे हे त्रास होतेच. काहींचे हातपाय कंपवाताच्या रोग्यासारखे ताठरू लागले. या साऱ्याचे कारण एकच निघाले. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी डोपामीन, सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन अशा द्रव्यांची लहान लहान कोठारे असतात. रेसरपीन त्या कोठारांत माल भरू देत नाही, आणि हळूहळू ती रिकामी पडतात. रक्तवाहिन्यांशी असलेले कोठार रिते झाले की दाब उतरतो. मेंदूतले रिते झाले की उन्माद शमतो, आणि फार रिते झाले तर उमेदही जाते. गुण आणि अपाय ही दोन निरनिराळी द्रव्ये नव्हेत. एकाच क्रियेची ती दोन टोके आहेत.

याच अपायातून पुढे एक मोठा उपकारही घडला. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी 1957 साली रेसरपीनने निपचित पडलेल्या प्राण्यांना एल-डोपा टोचले आणि ते पुन्हा हिंडूफिरू लागले. कंपवातावरच्या आजच्या उपचाराची वाट तिथून निघाली. 2000 साली कार्लसन नोबेलचे मानकरी झाले. हेच एल-डोपा खाजकुइलीच्या बियांत, म्हणजे आपल्या कवचबीजात असते. 1937 साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्यातून काढून दाखवले होते. म्हणून कंपवाताची गोळी चालू असताना कोणी शक्तीसाठी कवचबीजाचे चूर्णही घेऊ लागला, तर तो तेच औषध दुप्पट घेत असतो. मग मळमळ सुरू होते, हातपाय आपोआप वळवळू लागतात, आणि रोग वाढला असे घरच्यांना वाटते.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझ्या आत्याला रक्तदाबाची गोळी चालू होती. कोणीतरी सर्पगंधेचे चूर्ण आणून दिले, ‘आपलंच औषध आहे’ म्हणून. दोन-तीन महिन्यांत ती बोलेनाशी झाली. देवपूजा सुटली, दिवाळीच्या फराळाला तिने हात लावला नाही. आम्ही ते वयावर घातले. डॉक्टर नवी गोळी लिहून देत गेले, कारण त्यांना पुडीचा पत्ता नव्हता. एकदा फडताळ आवरताना वहिनीच्या हाती ती पुडी लागली आणि तिने ती डॉक्टरांपुढे ठेवली. चूर्ण त्यांच्या सल्ल्याने बंद झाले. तरी आत्या पहिल्यासारखी व्हायला बरेच आठवडे गेले, कारण रिकामी कोठारे एका दिवसात भरत नाहीत. या काळात ती काय भोगत होती, हे आमच्यापैकी एकानेही तिला विचारले नव्हते.

रेसरपीन आज वापरातून बरेचसे मागे पडले आहे. दिले तरी रोज पाव मिलिग्रॅमच्या आतबाहेर, आणि इतक्या अल्प मात्रेत ते पुष्कळांना सोसते. गोळीत ही मात्रा मोजलेली असते. चूर्णात ती मूळ कुठले, कधी खणलेले, यावर बदलते, आणि त्यात अजमलीनसारखी हृदयाच्या ठोक्यांवर चालणारी द्रव्येही असतात.

आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते असे समजू नका. नीट योजलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि चुकीचे योजलेले औषधही विष होते, असे चरकसंहितेतच सांगितले आहे. ‘झाडपाल्याने अपाय नाही’ हे वाक्य त्या परंपरेतले नव्हे, ते आपल्या आळसातले आहे. ज्याला गुण आहे त्याला अपाय असणारच.

तेव्हा पुढच्या वेळी घरच्या वडीलधाऱ्यांना डॉक्टरांकडे न्याल, तेव्हा गोळ्यांच्या डब्यासोबत फडताळातल्या पुड्याही न्या. त्या लपवण्यासारख्या नाहीत, आणि क्षुल्लक तर मुळीच नाहीत.