थंडीत पहाटे गाडी स्टार्ट होत नाही? बॅटरी बदलायच्या आधी हे वाचा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, निफाड तालुका, पहाटेचे साडेपाच. द्राक्षबागांमध्ये थंडीपासून घड वाचवायला शेकोट्या पेटलेल्या आणि आमच्या अंगणात बाबा गाडीची किल्ली फिरवतायत.

टक. परत फिरवली. परत टक.

मागच्या सीटवर शाल गुंडाळून आजी बसलेली. तिला सात वाजता नाशिकला डायलिसिसला पोचायचं होतं आणि तो स्लॉट हुकला की पुढचा कधी मिळेल हे कुणीच सांगत नाही. शेवटी शेजारच्या काकांना उठवलं, त्यांच्या पिकअपमधून आजी गेली.

बाबांनी त्याच दिवशी चार हजार मोजून नवी बॅटरी टाकली. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे परत तेच. टक.

गाडी आमची १५ वर्षांची, पेट्रोल हॅचबॅक. गंमत म्हणजे दहा वाजता ऊन पडलं की हीच गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची. त्यामुळे गॅरेजला नेली की मेकॅनिक म्हणणार, “काही नाही झालेलं, चांगली चालते की.” फक्त थंडीत दिसणारे फॉल्ट असेच छळतात.

तर आधी हे समजून घेऊ, की थंडीत नेमकं होतं काय?

गाडी सुरू करताना एकाच वेळी दोन गोष्टी विरोधात जातात. पहिली बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरीमध्ये वीज तयार होते ती रासायनिक क्रियेतून आणि थंडीत ही क्रिया मंदावते. तापमान जसं उतरतं तशी बॅटरीची जोराने करंट द्यायची ताकद कमी होते. दुसरं इंजिन ऑइल. जुन्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा २०डब्ल्यू-४० सारखं जाड ऑइल असतं, ते गारठ्यात अजून घट्ट होतं. म्हणजे इंजिन फिरवायला सेल्फला जास्त करंट हवा, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरी कमी द्यायला लागते.

निफाडला पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा चांगल्या बॅटरीला यानं फार फरक पडत नाही. पण जी बॅटरी किंवा जे कनेक्शन आधीच काठावर आहे, ते नेमकं या दिवसांत उघडं पडतं.

आणि हो, बॅटरी थंडीत मरते हा समज अर्धाच खरा आहे. तिला खरी मारते उन्हाळ्यातली उष्णता. बॉनेटखालच्या तापमानात आतलं पाणी उडतं, प्लेटा खराब होतात. एप्रिल-मेमध्ये झालेलं नुकसान डिसेंबरात समजतं, एवढंच.

आता येऊ आवाजाकडे. कारण गाडी सुरू होत नसेल तर पहिलं काम बॉनेट उघडायचं नाही, कान द्यायचं आहे.

किल्ली फिरवल्यावर टिकटिकटिक असा भराभर आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे विझायला आल्यासारखे होतात? मग बॅटरी उतरली आहे किंवा बॅटरीच्या टर्मिनलला गंज आहे. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही? मग बॅटरीला दोष देऊ नका, पेट्रोल किंवा स्पार्कचा घोळ आहे. (सीएनजी असणाऱ्यांनी इथं पेट्रोलचा काटा बघावा. बहुतेक किटवर गाडी आधी पेट्रोलवरच सुरू होते आणि टाकी कोरडी ठेवायची सवय थंडीत महागात पडते.) जुनी डिझेल असेल तर ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारायचा. आणि अजिबातच आवाज नाही, तर फ्यूज, इग्निशन स्विच किंवा रिले बघायचा.

आमचा प्रकार होता एकच जाड “टक”.

हेडलाइट लावून किल्ली फिरवली तेव्हा दिवे थोडे मंद झाले, पण विझले नाहीत. हॉर्न खणखणीत. म्हणजे बॅटरीत दम होता, पण तो सेल्फपर्यंत पोचत नव्हता. असं झालं की संशयित दोनच उरतात. एक तर सेल्फ स्वतः (सोलेनॉइडचे पॉइंट जळालेत किंवा कार्बन झिजलेत), नाहीतर वायरिंग.

वायरिंग म्हटलं की आपण सगळे लाल वायरीकडे बघतो. पण करंटला परत यायलाही रस्ता लागतो. बॅटरीच्या मायनसमधून एक जाड केबल किंवा विणलेली पट्टी इंजिन किंवा गिअरबॉक्सला बोल्टने जोडलेली असते. मेकॅनिक लोक तिला अर्थिंगची वायर म्हणतात. ती असते खाली, चिखलपाण्याच्या वाटेत. १५ पावसाळे खाल्लेली ती पट्टी कुणी बघतच नाही.

आता छोटं गणित, घाबरू नका. समजा त्या बोल्टखाली गंज चढून ०.०१ ओहम एवढाच रोध तयार झाला. हेडलाइटचे दोन बल्ब मिळून साधारण १० ॲम्पिअर घेतात. तेवढा करंट अशा जोडातून गेला तर ०.१ व्होल्ट वाया जातात, कुणाला कळतही नाही. पण सेल्फ १५० ॲम्पिअर ओढतो. तिथं त्याच गंजापायी १.५ व्होल्ट गायब! त्यात थंडीत सेल्फला करंट जास्त लागतो, म्हणजे हा तोटा अजून वाढतो. म्हणूनच लाइट लागतात, हॉर्न वाजतो आणि गाडी मात्र हलत नाही.

नव्या बॅटरीने दोन दिवस गाडी का चालली, याचं उत्तरही इथंच आहे. ती ताजी होती, तोटा सोसूनही पुरेसे व्होल्ट उरत होते. तिसऱ्या दिवशी गारठा वाढला आणि हिशोब चुकला.

हे तपासायला बाजारात ३००-४०० रुपयांना मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर लावा.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी आधी मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा, बाकीच्या गोष्टी नंतर. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा (गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला). त्या क्षणी बॅटरीवरचं रीडिंग ९.६ च्या खाली कोसळलं तर संशय बॅटरीवर. गाडी सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तेवढं नसेल तर अल्टरनेटर चार्जच करत नाहीये आणि नवी बॅटरी टाकूनही ती आठवडाभरात बसणार.

आता अर्थिंग. काळी पिन बॅटरीच्या मायनस पोस्टवर, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून सेल्फ मारायला लावा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं तर जोड खराब.

आमच्याकडे १.९ आलं.

मीटर नसेल तर त्याहून सोपी ट्रिक आहे. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या धातूला लावा आणि किल्ली फिरवा. गाडी सुरू झाली तर चोर सापडला.

दुरुस्ती अगदीच साधी. मायनस टर्मिनल सोडवलं, पट्टी काढली, तर ती बोल्टपाशी हिरवी पडून निम्म्या तारा तुटलेल्या. ऑटो इलेक्ट्रिशियनने नवी केबल लग दाबून तयार करून दिली, जागा सँडपेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळला. खर्च ३५० रुपये, मजुरीसकट.

टर्मिनलवर पांढरी-निळी पावडर दिसत असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, आवळा, वरून व्हॅसलिन लावा. सोडवताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो. म्हणूनच जंप स्टार्ट करतानाही शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीवर न लावता तिच्या इंजिनच्या धातूवर लावतात. बिडी-सिगारेट लांब, हे सांगायलाच नको.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीला. ऑटोमॅटिकला धक्का मारून काही होत नाही.

एक शक्यता राहिली. गाडी रोज चालवली तर ठीक, पण चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसते? मग बंद गाडीतही कुणीतरी वीज पितंय. बंद गाडी ५० मिलिॲम्पिअरपर्यंत घेते, ते चालतं. ३५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी त्यावर जवळपास महिना काढेल. पण नाक्यावर बसवलेला म्युझिक सिस्टम किंवा जीपीएस ट्रॅकर ३०० घेत असेल, तर तीच बॅटरी पाच दिवसांत रिकामी. थंडीत तर त्याच्याही आधी गाडी बोंबलणार. अशा वेळी एकेक फ्यूज काढून करंट कधी खाली येतो ते बघतात. यात वेळ जातो, त्यामुळे इलेक्ट्रिशियन टाळाटाळ करतात, तुम्ही आग्रह धरा.

आमची जुनी बॅटरी नवी घेताना बदल्यात देऊन टाकली होती. ती चांगली असणार, हे बाबांना नंतर कळलं. त्यावर ते अजून बोलत नाहीत. आजीचा स्लॉट मात्र त्यानंतर एकदाही हुकला नाही.