पाचरीच्या कोनाची कुळकथा

चिखलदऱ्याच्या पंचबोल पॉइंटवर हाक मारली की दऱ्या ती पुन्हापुन्हा परत देतात. ही हाक सेकंदाला साधारण 340 मीटर धावते. जवळच्या गाविलगडावर 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीची फौज चढली, तेव्हा बंदुकीची गोळी नळीतून सुटताना या हाकेच्याही पुढे पळत होती. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो, हे बेंजामिन रॉबिन्सनं 1742 सालीच नोंदवलं होतं. पण तिथं हवेत घडतं काय, हे डोळ्यांना दिसलं 1886 साली. अर्न्स्ट माखच्या सांगण्यावरून पीटर साल्चरनं धावत्या गोळीचा फोटो घेतला आणि टोकाशी आघात तरंगाची तिरपी रेघ उमटली.

इतक्या वेगात हवेला पुढच्या अडथळ्याची आगाऊ वर्दीच मिळत नाही. प्रवाहाशी 10 अंशांचा उतार असलेली पाचर समोर आली, की तरंगाशीच तिला 10 अंश वळावं लागतं. हाच विचलन कोन. त्याचं, तरंगाच्या कोनाचं आणि वेगाचं नातं 1908 साली गटिंगेनला प्रांटलचा विद्यार्थी थिओडोर मायर यानं आपल्या प्रबंधात मांडलं. 10 अंशांच्या पाचरीवर ध्वनीच्या दुप्पट वेगात तरंग 39 अंशांवर असतो. पाचपट वेगात, म्हणजे हायपरसॉनिकच्या उंबरठ्यावर, तो 19 वर येतो. वेग आणखी वाढवत नेला तर जवळपास 12 वर, पाचरीला अगदी चिकटून. ‘हायपरसॉनिक’ हा शब्द मात्र 1946 साली त्सिएन श्वे-सेन यांच्या लेखातून रुळला.

मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते न्यूटनचं पुनरागमन. हवेचे कण उतारावर आदळतात, आदळण्याचा जोर तिथंच सोडतात आणि उताराला धरून निघून जातात, अशी त्याची 1687 ची कल्पना. तिच्यातून निघालेला नियम सांगतो, की दाब विचलन कोनाच्या साइनच्या वर्गानुसार वाढतो. जहाजांना तो लागू पडेना, विमानांनाही नाही. म्हणून तो बाजूला पडला. हायपरसॉनिक वेगात तरंग पृष्ठभागाला चिकटतो, हवा खरोखरच तशी वागते आणि अडीचशे वर्षांनी तोच नियम हिशेबाच्या कामी आला.

श्रावणात चिखलदऱ्याला गेलात तर कौलारू छपराकडे घटकाभर पाहा. तिरपी सर कौलावर आपटते आणि उतार धरून पन्हाळीकडे धावते. न्यूटनची हवा ती हीच.