१९७२ ची तबकडी आणि झाडीपट्टीचा कान

आज एकाच वर्षाबद्दल बोलू. १९७२. जुन्या रॉकचा माझा सगळा हट्ट या एका वर्षावर उभा आहे.

त्या वर्षी जेथ्रो टलचा ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ आला. अख्खा अल्बम म्हणजे एकच गाणं, जवळपास ४४ मिनिटांचं. तबकडीच्या एका बाजूवर बावीसेक मिनिटंच मावतात, म्हणून ते मधेच तोडून दुसऱ्या बाजूवर नेलं. मी ते पहिल्यांदा वडशाहून चांदा फोर्टला जाताना पॅसेंजरमध्ये ऐकलं. ब्रह्मपुरी येऊन गेली, तरी चालूच! एक इअरफोन मित्राच्या कानात होता. तो वैतागला, “हे गाणं संपते का नाही बा?”

आता गंमत बघा. हाच मित्र धान कापून झालं की दिवसा शंकरपट बघतो आणि रात्री दहाला मंडपात बसतो तो पहाटेच उठतो. नाटकात गाणं येतं, लावणी येते, रडारड होते, पुन्हा गाणं. तिथे तो ‘संपते का’ विचारत नाही. प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकायला झाडीपट्टीइतका तयार कान कुणाचा नाही, असं माझं ठाम मत आहे.

डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ही १९७२ चाच. सगळे त्यातल्या गिटारवर फिदा असतात. मी जॉन लॉर्डच्या ऑर्गनवर. त्याने हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अ‍ॅम्पला जोडला आणि तो गुरगुरायला लागला. आमच्या ऑर्गनवाल्याला ऐकवा एकदा, लगेच कळेल त्याला. येसचा ‘क्लोज टू द एज’ पण त्याच वर्षीचा, पण खरं सांगतो, मला तो अजून पचलेला नाही.

पण या वर्षाचा खरा किस्सा आपल्या मुंबईतला आहे. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले. स्लिप डिस्क नावाच्या क्लबमध्ये वाजवूनही गेले. आणि ईएमआयच्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. दुसऱ्याचा ताल पाच आणि सहाच्या मापांत उलटापालटा फिरतो. मूळ गाण्यात जॉन बॉनहॅमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ड्रम वाजवले, नाव त्यावरूनच पडलं. मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये हे गाणं मला जरा अडखळल्यासारखं वाटतं. ‘फ्रेंड्स’ मात्र, माझ्या मते, मूळापेक्षा सरस. तबला सुरू झाला की वाटतं, गाणं इथलंच होतं, तिकडे नुसतं फिरायला गेलं होतं.

ही टेप अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये, ‘कोडा’च्या नव्या आवृत्तीत. म्हणजे ४३ वर्षांनी. आणि गाण्याच्या नावापुढे काय लिहिलंय? ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. बस्स. आमच्याकडे पडदा उघडायच्या आधी तबलेवाल्याचंही नाव माईकवरून घेतात हो!

तर आधी मूळ ‘फ्रेंड्स’ ऐका, मग मुंबईचं. आणि तुमच्या घरातलं कोणी त्या काळात मुंबईच्या स्टुडिओंमध्ये व्हायोलिन किंवा तबला वाजवत असेल, तर त्यांनाही ऐकवा. कुणास ठाऊक, आपला हात ओळखतील. मग मला व्हॉइस नोट पाठवा.