जपानचे दोन वाटसरू

इ. स. 1689 च्या वसंतात मात्सुओ बाशो हा कवी आपला शिष्य सोरा यास सोबत घेऊन एदो शहरातून, म्हणजे आजच्या टोकियोतून, ईशान्येकडील मुलखाच्या यात्रेस निघाला. आणि त्यानंतर दोन वर्षे होतात न होतात तोच, 1691 च्या आरंभी, डच कंपनीच्या चाकरीतील एंगेलबर्ट केंप्फर नावाचा जर्मन वैद्य नागासाकीहून त्याच एदोच्या वाटेस लागला. या दोघांनी लिहून ठेवलेली वर्णने शेजारी शेजारी ठेवून वाचल्यावाचून त्या काळचे जपान पुरते दृष्टीस पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाशोची दृष्टी स्मृतीने भारलेली आहे. प्राचीन कवींनी जी स्थळे गाइली त्या स्थळी आपण जाऊन उभे राहावे, हा जपानी प्रवासवाङ्मयाचा जुना संकेत. आणि म्हणूनच तागा येथील उद्ध्वस्त गढीपाशी एका पुरातन शिलालेखासमोर तो उभा राहतो तेव्हा, भोवतालचे सारे पालटले असता एवढा एक दगड गतकाळाची साक्ष देत टिकून राहिला, या जाणिवेने त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागतात. तथापि तो केवळ अश्रूंचा कवी नव्हे. शितोमाएच्या नाक्यावर, क्वचितच कोणी त्या वाटेने जात असल्यामुळे, पहारेकरी त्याच्याकडे संशयाने पाहतात. पुढे वादळामुळे सरहद्दीवरील एका चौकीदाराच्या घरी मुक्काम पडतो, आणि तेथील पिसवा, उवा व उशाशी मुतणारा घोडा यांनाही त्याच्या काव्यात जागा मिळते. मात्र त्याने पुढे कित्येक वर्षे हे लेखन घासूनपुसून सिद्ध केले होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. सोराची रोजनिशी 1943 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातील तारखा, हवापाणी आणि मुक्काम यांच्याशी गुरूचे कथन अनेक ठिकाणी जुळत नाही, असे आढळून आले. त्यामुळे बाशोची थोरवी यत्किंचितही उणावत नाही. त्याला सत्य हवे होते, ते दफ्तरी नोंदीचे नव्हे.

दफ्तरी नोंदीची भूक होती केंप्फरला. देजिमा या चिमुकल्या कृत्रिम बेटावर डच लोकांना जवळजवळ कैदेत राहावे लागे, आणि शोगुनास मुजरा करण्यासाठी त्यांच्या प्रमुखाला दरसाल एदोस जावे लागे, तेवढीच काय ती देश पाहण्याची संधी. ती केंप्फरने दोनदा साधली. झाडाच्या सालीच्या एका मोठ्या जावानी पेटीत त्याने होकायंत्र दडवून ठेवले, वर पानेफुले पसरली, आणि वनस्पतींची चित्रे काढण्याच्या मिषाने तो दिशा टिपीत चालला. तोकाइदो या राजमार्गावर काही दिवशी युरोपातील गजबजलेल्या शहरांच्या रस्त्यांहूनही अधिक गर्दी असते, हे त्याने नमूद केले. आणि घोड्यांची लीद, पायांतून टाकून दिलेले गवती जोडे, झाडांखाली पडलेला पाला हे सारे शेतकरी वेचून नेतात, म्हणून रस्ते स्वच्छ राहतात, हेही. एदोच्या वाड्यात चिकाच्या पडद्याआड बसलेल्या शोगुन त्सुनायोशीपुढे त्याला नाचावे लागले, गावे लागले, मद्यप्याचे सोंग आणावे लागले. ते सारे त्याने तितक्याच निर्विकारपणे लिहून ठेवले.

या रस्त्यांच्या बंदोबस्तामागे मोठे राजकारण होते. 1635 च्या कायद्यान्वये सरदारांनी आळीपाळीने एदोत येऊन राहावे, आणि त्यांची बायकामुले कायमची तेथेच ओलीस असावीत, असा शिरस्ता पडला. म्हणून तोकाइदोवरील हाकोनेसारख्या नाक्यांवर दस्तक तपासताना पहारेकऱ्यांची नजर विशेषेकरून एदोकडे जाणाऱ्या बंदुकांवर आणि एदोबाहेर पडणाऱ्या स्त्रियांवर असे.

परकीयांच्या या लेखनपरंपरेचा एक धागा आपल्या गोव्यातून जातो. अंजिरो या जपानी गृहस्थास 1548 साली गोव्यातच बाप्तिस्मा मिळाला, आणि त्याच वर्षी लुइश फ्रोइश हा तरुण जेझुइट लिस्बनहून तेथे येऊन दाखल झाला. 1563 मध्ये तो जपानात पोहोचला आणि 1585 मध्ये त्याने युरोप व जपान येथील चालीरीतींची कलमवार तुलना लिहिली. जपानी प्रतिष्ठित स्त्रीला लिहिता न येणे हे कमीपणाचे समजतात, युरोपात मात्र स्त्रियांत लेखन फारसे रूढ नाही, असे त्याने त्यात प्रांजळपणे मांडले आहे.

केंप्फरकडे पुन्हा वळावयाचे कारण असे की, त्याच्या ग्रंथाला सर्वस्वी परकीय म्हणणे अन्यायाचे होईल. दुभाषांनी परक्यांना देशाची माहिती पुरवू नये अशी सक्त मनाई असता, एका तरुण जपानी विद्यार्थ्याने डच भाषा व वैद्यक यांच्या शिक्षणाच्या मोबदल्यात त्याला ग्रंथ आणून दिले आणि माहिती सांगितली. केंप्फरने त्याचे उपकार मानले, पण नाव उघड केले नाही. तो इमामुरा गेनएमोन होता, हे आधुनिक संशोधकांनी निश्चित केले आहे. केंप्फर 1716 मध्ये वारला आणि त्याचा ग्रंथ 1727 मध्ये लंडनला इंग्रजीत छापला गेला. त्यातील देशबंदीविषयक निबंध शिझुकी तादाओ याने 1801 मध्ये डच भाषेतून जपानीत उतरविला. हा शिझुकी नागासाकीचाच, आणि एके काळचा दुभाषी होता.