मेडल: ‘काहीच नाही’मधून सापडलेला आवाज

पिंक फ्लॉइड म्हटलं की सगळ्यांना १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आठवतो. तो प्रिझमवाला टी-शर्ट तर अल्बम न ऐकलेल्यांच्या अंगावरही दिसतो. पण माझ्या मते खरं वळण दोन वर्षं आधीचं आहे: १९७१ चा ‘मेडल’.

तेव्हा बँडची अवस्था काय होती? मुख्य गीतकार सिड बॅरेट १९६८ मध्येच बाहेर पडलेला. १९७० चा ‘ॲटम हार्ट मदर’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला खरा, पण त्यातल्या मोठ्या रचनेत ब्रास आणि कॉयर होता, त्यासाठी रॉन गीझिन या बाहेरच्या संगीतकाराची मदत घेतलेली. म्हणजे प्रश्न शिल्लकच होता: आपण चौघंच मिळून नेमके कोण आहोत?

‘मेडल’साठी स्टुडिओत शिरले, तेव्हा हातात तयार गाणी नव्हती. मग सुटे सुटे तुकडे रेकॉर्ड केले आणि त्यांना नाव दिलं ‘नथिंग’, म्हणजे ‘काहीच नाही’! त्यातला एक जिवंत निघाला. रिक राइटनं पियानोचा एकच सूर फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला. पाणबुडीच्या सोनारसारखा, टिंग!

त्या एका सुरातून ‘एकोज’ उभं राहिलं. साडेतेवीस मिनिटं, एलपीची एक अख्खी बाजू. मधला तो पक्ष्यांसारखा चीत्कार ऐकलात का? डेव्हिड गिल्मोरनं वाह-वाह पेडल उलटं जोडून काढलेला आवाज आहे तो.

लांबलचक गाणी तेव्हा बरेच बँड करत होते. इथं वेगळं काय? कुणी एकटा मिरवत नाही. राइट आणि गिल्मोर एकत्र गातात, थांबायची घाई कुणालाच नाही. रॉजर वॉटर्सचे शब्दही अंतराळ सोडून माणसाला माणूस भेटण्याकडे वळतात. ‘डार्क साइड’ची वाट इथूनच जाते.

सगळा अल्बम तितका भारी नाही हं. ‘सीमस’मध्ये चक्क कुत्रा गातो! अमेरिकेत तर हा अल्बम ७० व्या क्रमांकाच्या वर गेलाच नाही. पण चाचपडणं ऐकू येतं, म्हणूनच मला तो जवळचा वाटतो.

तर आज नोटिफिकेशन बंद, हेडफोन कानाला, आणि ‘एकोज’ सलग ऐका. स्किप करायचं नाही!